वरची हिरवी ओळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. माळशेजचा घाट आमच्याच भागातला. त्यामुळे तिथली पांढऱ्या साडीतली बाई मला आजवर बऱ्याच जणांनी दाखवली आहे... म्हणजे तोंडी. मी स्वतः त्या घाटातून अनेकदा गेले. अंगावर काटा यावा असं एकच काही दिसलं, ते म्हणजे मागचा दिवा नसलेला ट्रक. घरात देव आहेत, पण तो कारभार सासूबाईंकडे. मी गणिताची शिक्षिका. नुसतं उत्तर बरोबर आलं आणि रीत लिहिलेली नसली, तर मी अर्धे गुण कापते.

तेव्हा पुढचं लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय, कारण यातली रीत मला आजही लिहिता येत नाही. शिवाय या गोष्टीत ना अमावास्या, ना पिंपळ, ना रडणारं कुत्रं. श्रावणातली सकाळ, शहापूरच्या भर बाजारातलं एक ऑफिस आणि कॉम्प्युटरवरचा एक्सेलचा तक्ता. हसा. मीही हसले असते.

साल २००४ असावं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतले आम्ही काही शिक्षक, कारकून, दुकानदार मिळून रक्तदात्यांचं एक मंडळ चालवत होतो. काम साधं होतं. आपल्याकडचा कोणी पेशंट कल्याणला किंवा ठाण्याला अडला आणि तिथल्या रक्तपेढीत त्याच्या गटाचं रक्त नसलं, की तो गट असलेला माणूस हुडकायचा आणि तिकडे धाडायचा. मी सचिव होते, म्हणजे कामं माझ्याकडे. अण्णा अध्यक्ष होते, म्हणजे भाषणं त्यांच्याकडे. वाटणी न्याय्य होती, कारण दुसऱ्याचं काम करायची दोघांचीही इच्छा नव्हती.

कुठल्याशा कंपनीनं जुना म्हणून काढलेला कॉम्प्युटर अण्णांनी मंडळासाठी मिळवला. त्याचं उद्घाटन झालं. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डला हळदकुंकू. ते कुंकू आत गेलं आणि पुढे वर्षभर स्पेसचं बटण अडकत राहिलं. नारळ नेमका कशावर फोडायचा यावर बरीच चर्चा झाली, अखेर तो जिन्याच्या पायरीवर फोडला. अण्णा एकविसाव्या शतकाबद्दल इतका वेळ बोलले की ते शतक बरंच पुढे गेल्यासारखं वाटलं. मॉनिटर मात्र म्हातारा होता. त्यावर सगळंच निळसर दिसायचं. पांढरं निळसर, काळं तर पुरतं निळं.

"डोळ्यांना थंड वाटतं," अण्णा म्हणाले.

कॉम्प्युटर चालवायला सुजाता यायची. मूळची खर्डीची, कॉलेज करता करता कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, बोलायला तिखट. दात्यांची सगळी नावं तिनेच टाइप केली होती. नाव, रक्तगट, फोन, पत्ता आणि पार उजवीकडे तालुका.

आता एक्सेलमधला फिल्टर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. फिल्टर म्हणजे चाळणी. 'फक्त मुरबाड' असं निवडलं की बाकीच्या ओळी डोळ्यांआड होतात. पुसल्या जात नाहीत, फक्त दिसत नाहीत. आणि त्या लपल्या आहेत हे कशावरून कळायचं? तर त्या रकान्याच्या डोक्यावरचा बारीकसा बाण काळ्याचा निळा होतो, आणि डावीकडचे ओळींचे आकडे निळे होतात. बस्स. आमच्या मॉनिटरवर काळं आणि निळं यांत काय फरक होता ते वर सांगितलंच आहे. तालुक्याचा रकाना तर पडद्याच्या बाहेर, त्यामुळे तो बाण दिसण्याचाही प्रश्न नव्हता.

श्रावणाच्या सुरुवातीला अण्णांनी मुरबाडला दात्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षीय समारोप. निमंत्रणांसाठी सुजातानं मुरबाडचा फिल्टर लावून यादी छापून दिली. मग अण्णा स्वतः खुर्चीत बसले. कॉम्प्युटरमधलं त्यांना एकच येत होतं, सेव्ह करणं. ते ते अगदी ऐटीत करायचे, चेकवर सही केल्यासारखं.

"सेव्ह केलंय गो मी," ते सुजाताला म्हणाले आणि निघून गेले.

फिल्टरसकट सेव्ह केलं होतं. पण हे आम्हाला नंतर कळलं.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सकाळची वेळ, बाहेर झिमझिम चालू. शाळेत जाण्याआधी मी ऑफिसात डोकावले होते. जिन्यावर दमदार पावलं वाजली आणि एक म्हातारे गृहस्थ दारात आले. छत्री आणि चपला बाहेर ठेवल्या. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"बाय, रगताचं आफिस हितंच ना?"

"इथंच. बसा, बाबा."

"बसाया टाइम नाय. मी बाळाराम, मुरबाडकडचा. सून कल्यानला हाय दवाखान्यात. मूल आडवं हाय बोलतात. डाक्टर बोलला आपरेशन करतो, पन आधी रगत आना. त्यांच्याकं त्या जातीचं नाय."

"गटाचं," सुजातानं हळूच दुरुस्त केलं.

"तेच गो. कवाधरनं तुमचा फोन लावताव, लागतच नाय. मग गावची जीप घेऊन आलो, खाली उभी हाय."

पावसाळ्यात आमचा फोन बंद असणं हीच त्याची नेहमीची स्थिती होती. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. ओ निगेटिव्ह. हा गट मुळातच दुर्मीळ.

सुजातानं फाइल उघडली. रक्तगटाच्या रकान्यावरचा बाण दाबला. गटांची यादी खाली उलगडली. तिच्यात ओ निगेटिव्ह नव्हताच.

"असं कसं?" ती म्हणाली. "मॅडम, मी टाइप केलेला आठवतोय. एक तरी होता."

"आठवण राहू दे. यादीत आहे का?"

यादीत नव्हता. मी स्वतः तिच्या शेजारी बसून वरपासून खालपर्यंत पाहिलं. बी पॉझिटिव्ह, ओ पॉझिटिव्ह, पुन्हा बी. निगेटिव्ह म्हणून एकच, तोही ए.

"बाबा, आमच्या यादीत नाही हो."

"नाय म्हंजे... एक पन नाय?"

"नाही."

"दोन तालुक्यांत एक मानूस नाय?"

मी मान हलवली. ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. त्यांनी चिठ्ठीची होती तशी घडी घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. ते मला जास्त लागलं. "मंग ठान्याला कुटं जायचं त्ये तरी लिवून दे," ते म्हणाले. ठाण्याहून रक्त मिळेल की नाही, मिळालं तरी वेळेत कल्याणला पोचेल की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही. मी पेन शोधू लागले.

"मॅडम," सुजाता म्हणाली, "ही वरची ओळ तुम्ही हिरवी केलीत?"

मी पाहिलं. तक्त्याची शीर्षकाची ओळ, म्हणजे नाव, रक्तगट, फोन लिहिलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली होती. फिक्कट-बिक्कट नाही. रोपाचा कोवळा हिरवा. त्या निळ्या मॉनिटरवर इतका स्वच्छ रंग मी तोवर पाहिला नव्हता.

"रंग कसले खेळतेस गं आत्ता? काढ तो."

"मी नाही केला. मी तर माऊसला हात पण नाही लावला." तिनं ओळ निवडून रंग काढायची आज्ञा दिली. काही झालं नाही. पुन्हा दिली. "हे म्हणतंय इथं रंगच नाहीये."

"मग दिसतोय तो काय आहे?"

"मला काय माहीत!" ती वैतागून म्हणाली. "बांधावर टहाळा खोचल्यासारखं दिसतंय..."

आणि ती खुर्ची मागे सारून त्या ओळीकडे बघू लागली. मीही.

ज्यांचा भातशेतीशी संबंध नाही त्यांना हे सांगायला हवं. माझं सासर शेणव्याचं. आमच्याकडे खाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात. वरच्या खाचरातलं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात येतं, तिथून त्याच्याही खालच्यात. वरच्यानं काही कामासाठी ते तोंड बंद केलं, तर त्यानं तिथं एक हिरवा टहाळा खोचायचा, लांबून दिसेल असा. म्हणजे खालच्याला कळतं की पाणी आटलं नाही, कोणी चोरलंही नाही. वर अडवलं आहे. टहाळा दिसला की भांडायचं नाही, हाक मारायची. टहाळा न लावता पाणी अडवणाऱ्याच्या घरी लग्नाला जावं की नाही, याचा विचार करणारे लोक मी पाहिले आहेत.

"अडवलंय," आमच्यापैकी कोणीतरी म्हणालं. ती का मी, हे आज दोघींनाही सांगता येत नाही.

"तालुका बघ."

सुजातानं पडदा उजवीकडे सरकवला. मुरबाड, मुरबाड, मुरबाड... खालपर्यंत मुरबाड. आख्खा शहापूर तालुका अण्णांनी ऐटीत सेव्ह करून मागे कोंडून ठेवला होता.

तिनं 'सगळं दाखवा' दाबलं. ओळी धडाधड खाली कोसळू लागल्या. आणि वरची ओळ पूर्वीसारखी झाली. निळसर पांढरी. हिरव्याचा मागमूस नाही.

ओ निगेटिव्ह : आसनगाव, खर्डी, शेणवे.

"बाबा, थांबा! आहेत! माणसं आहेत!"

बाळारामबाबा चपला घालून जिन्याच्या तोंडाशी पत्त्याची वाट बघत होते. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता याचं वर्णन करायचं मी टाळते. मला ते जमणार नाही.

मग धावपळ. सुजाता खर्डीच्या माणसाला फोन करायला समोरच्या एसटीडी बूथवर पळाली. मी बाबांबरोबर जीपमध्ये बसले, कारण आसनगावच्या जाधवांचं घर त्यांना सापडलं नसतं. आम्ही जिना उतरतोय तोच लाइट गेली. वर कॉम्प्युटर बंद पडला असणार. थोडं आधी गेली असती तर... पण ते जाऊ द्या.

जाधव नाइट ड्यूटी करून नुकते झोपले होते. त्यांच्या बायकोनं आम्हाला दारातच अडवलं.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. काय काम हाय?"

"रक्त पाहिजे होतं."

ती क्षणभर बघत राहिली आणि आत वळून ओरडली, "ओ, उठा! रक्त मागायला आल्यात!"

"कोन? डास?" आतून आवाज आला.

"बाईमानसं हायेत, नीट बोला!"

जाधव बनियनवर बाहेर आले. बाळारामबाबांनी हात जोडले आणि चिठ्ठी पुढे केली. जाधवांनी मला विचारलं, मी दोन वाक्यांत सांगितलं. "शर्ट तर घालू द्या," ते म्हणाले, आणि शर्टाची बटणं जीपमध्ये लावली. बायकोनं धावत जाऊन भाकरीचं पुडकं खिडकीतून आत टाकलं. "उपाशीपोटी देऊ नका! चक्कर येती तुम्हाला!" जीप कल्याणच्या दिशेनं गेली. मी रिक्षा करून शाळेत आले आणि नववीला समरूप त्रिकोण शिकवले. काय शिकवलं देव जाणे. (हा वाक्प्रचार आहे, श्रद्धा नव्हे.)

दुसऱ्या दिवशी जाधव ऑफिसात आले, दंडाच्या खाली चिकटपट्टी मिरवत. "पोरगी झाली. आई पन बरी हाय. खर्डीवाला पन पोचला टायमावर. मला चहा आनि बिस्कुट दिलं, दोनच."

सुजाता रडली. मी रडले नाही, मी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यानंतर मी जे केलं ते कोणत्याही शंकेखोर माणसानं केलं असतं. रक्तगट, गाव, तालुका, जमतील ते सगळे फिल्टर लावून पाहिले. ओळ हिरवी झाली नाही. ती आपोआप रंगावी अशी एखादी सूचना कोणी तक्त्यात लपवून ठेवली आहे का, हे शोधलं. नव्हती. कल्याणहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बोलावला. तो म्हणाला व्हायरस असेल. तपासलं, नव्हता. मग म्हणाला मॉनिटरची केबल ढिली असेल. केबल ढिली झाली तर सगळा पडदा हिरवा होईल, नेमकी एक ओळ कशी होईल, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, व्होल्टेज." आपल्याकडे व्होल्टेजनं काय काय होतं याला सीमा नाही.

अण्णांकडे मात्र उत्तर तयार होतं. पुढच्या सभेत त्यांनी जाहीर केलं की उद्घाटनाचा मुहूर्त त्यांनी स्वतः काढला होता.

मी हे प्रकरण 'दोघींना झालेला भास' म्हणून मिटवून टाकलं असतं. तेवढी तयारी झाली होती. पण मग बाळारामबाबांनी आम्हाला नातीच्या बारशाला बोलावलं. मी आणि सुजाता मुरबाडच्या एसटीनं गेलो. पाळण्यात लालबुंद, रागीट चेहऱ्याची मुलगी. तिची आई दाराशी बसून आमच्याकडे बघत होती, बोलत नव्हती, नुसती हसत होती. घुगऱ्या खाताना बाबा माझ्या शेजारी येऊन बसले.

"बाय, येक इचारायचं व्हतं. त्या दिशी मशिनीवर टहाळा कोनी खोचलेला?"

मी सुजाताकडे पाहिलं. तिच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तिरपी झाली होती.

"टहाळा? ओळ हिरवी झाली होती, बाबा. आतल्या अक्षरांची. ती दिसली तुम्हाला?"

"अक्षरं मला काय समजतात? मी दारातनं बघत व्हतो. मशिनीच्या डोक्यावर व्हता, असा उभा. ऐनाचा. पानी गळत व्हतं त्याच्यातनं." त्यांनी हातानं उंची दाखवली. "म्या मनात बोललो, आफिसात पन लावतात का काय आपल्यावानी."

मॉनिटरवर काही नव्हतं. उद्घाटनाचा हारसुद्धा केव्हाच काढला होता. त्या बाजारपेठेत ऐनाचं झाड नाही.

परतीच्या एसटीत आम्ही तिकिटं काढली. मग सुजाता म्हणाली, "मॅडम, झालं ते झालं. पण परत अण्णांनी सेव्ह केलं तर? दर वेळी कोण येणार आहे दाखवायला?"

हा प्रश्न माझ्या आवाक्यातला होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही तक्त्यात तशी सूचनाच घातली. दिसणाऱ्या ओळी मोजायच्या, एकूण ओळी मोजायच्या, दिसणाऱ्या कमी भरल्या की शीर्षकाची ओळ रंगवायची. फिल्टर लागला की ओळ रंगते, सुटला की पुसते. ही रीत मी कोणालाही लिहून देऊ शकते, पूर्ण गुणांसाठी.

फक्त रंग निवडताना आम्ही अडलो. त्या दिवशीचा हिरवा शोधत होतो. एक्सेलच्या त्या रंगपेटीत जितके हिरवे होते तितके सगळे लावून पाहिले. मॉनिटर प्रत्येकात आपला निळा मिसळायचा. कोणी शेवाळी दिसे, कोणी बाटलीसारखा. तो रंग त्या पेटीत नव्हता. त्या मॉनिटरवर तो दिसूच शकत नव्हता, असं मी गणिताची शिक्षिका म्हणून लिहिते आहे. मग त्या सकाळी आम्ही काय पाहिलं, आणि बाबांनी काय पाहिलं, हे मला सांगता येत नाही. इथं कोणाला सांगता आलं तर जरूर सांगा... व्होल्टेज सोडून.

मी अजून रंग बदलत बसलेच होते. सुजातानं माझ्या हातून माऊस घेतला आणि त्यातल्या त्यात उजळ असलेला एक हिरवा लावून टाकला.

"हा तो नाही," मी म्हणाले.

"नसू दे. लांबून दिसतोय ना?"

ती उठून दारापर्यंत गेली, बाळारामबाबा उभे होते तिथं, आणि वळून पाहिलं.

"दिसतोय," ती म्हणाली.